बेलतरोडीत थेट शेतातली भाजी आणायची आहे. कोणी करून पाहिलंय का?

बेलतरोडीकर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी नागपुरातल्याच धरमपेठेतून इकडे बेलतरोडीत राहायला आलो. तिकडे गोकुळपेठ बाजार पायी पाच मिनिटांवर होता. आई रोज संध्याकाळी पिशवी घेऊन निघायची आणि पाव किलो वांगी, सांभाराची जुडी आणि दोन घरच्या बातम्या घेऊन परत यायची. इथे रस्ते रुंद आहेत, हवा चांगली आहे, फ्लॅटच्या स्कीमला लागून स्कीम उभी होऊन राहिली आहे, पण बाजार नाही. एक ठेला येतो अकरा वाजता, तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसात. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पालक असतो, तो दिवसभर पाणी मारून मारून जिवंत ठेवलेला. ॲपवर मागवलं की दहा मिनिटांत येतं खरं, पण पिशवीत मेथीच्या बारा काड्या असतात आणि पिशवीवर 'फ्रेश' छापलेलं असतं.

आईला शुगर आहे. इथे आल्यापासून तिचं ताट पाहतो तर वरण, बटाटा, आणि दुसऱ्या दिवशी बटाटा, वरण.

ऑफिसातल्या एका मित्राचा साळा बुटीबोरीच्या पुढे भाजी लावतो. रविवारी सकाळी पिकअप भरून यायला तो तयार आहे. आमच्या तीन स्कीम मिळून चाळीसेक घरं होतील. भाव कसा धरायचा, बसायचं कुठे, उरलं तर ते कोणाचं, यावर काल गच्चीवर दोन तास मीटिंग झाली. ठरलं काय, तर ग्रुपचं नाव.

कोणी असं केलं असेल तर सांगा. फसलं असेल तर आधी सांगा.

तर्रीपोहे | १४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पहिले एक क्लिअर करा. ढेमसं (टिंडा) येणार आहे का? येणार असेल तर माझा विरोध नोंदवून घ्या.

खामल्याची_सुमन | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४१

अहो, आठवड्यातून एकदा खामल्याच्या बाजारात या ना. सगळं मिळते. आम्ही तीस वर्षं तिथूनच घेतो. एवढा खटाटोप कशाला?

बेलतरोडीकर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४८

ताई, येतोच की. पण आईला गाडीवर बसवून आणता येत नाही आणि माझ्या हातून जे येतं ते ती नाकारते. "हे वांगं तू दाबून पाहिलं होतं का?" हा प्रश्न मला दर शनिवारी होतो.

पुण्याचा_पाहुणा | १४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

सांभाराची जुडी? सांभार तर इडलीबरोबर असतं ना?

तर्रीपोहे | १४ नोव्हेंबर, रात्री ११.०७

भाऊ, ते सांबार. हा सांभार. तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता, ते नाव आम्ही फक्त पुस्तकात वाचलं आहे.

(यापुढचे अकरा प्रतिसाद सांभार, कोथिंबीर, पुडाची वडी आणि तिथून वेगळा विदर्भ यावर होते. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे भाजीवर बोला. – संपादक)

कळमन्याचा_पोरगा | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

आमच्या घरी दोन पिढ्या अडतीचा (दलालीचा) धंदा आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. मी स्वतः नोकरी करतो, तेव्हा बाजू घेतो असं समजू नका.

नागपूरच्या ताटातली सगळी भाजी नागपूर जिल्ह्यातली नसते. फुलकोबी, पत्ताकोबी मोठ्या प्रमाणात छिंदवाड्याकडून येते. हिवाळ्यात मटार जबलपूरचा, आलू आग्र्याकडचा. गाड्या रात्री कळमन्याच्या घाऊक बाजारात लागतात, पहाटे बोली होते. तिथून माल कॉटन मार्केटला, तिथून ठेल्यावर, ठेल्यावरून तुमच्या दारात. (कॉटन मार्केटात कापूस शोधणारा पाहुणा मी स्वतः पाहिला आहे.) २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून अडत शेतकऱ्याकडून घेत नाहीत, माल घेणाऱ्याकडून घेतात. कायद्यात असं आहे. प्रत्यक्षात बोली लावणारा ती अडत मनात धरूनच बोली लावतो, हे शेतकऱ्यालाही माहीत आहे.

आता मुद्दा. लोक म्हणतात, शेतात पाच रुपयांची जुडी आणि दारात पंधराला, म्हणजे मधल्यांनी दहा खाल्ले. खातात, नाही म्हणत नाही. पण त्या दहात भाडं आहे, हमाली आहे, बारदाना आहे आणि सगळ्यात मोठी आहे घट. ठेलेवाला शंभर जुड्या पालक उचलतो, त्यातल्या वीसेक रात्री गाईपुढे जातात. त्या वीस जुड्यांचे पैसे उरलेल्या ऐंशीवर बसतात. तुम्ही मधला माणूस काढाल, पण घट काढता येत नाही. ती कोणाच्या तरी अंगावर पडतेच. ग्रुपच्या नावाआधी ती कोणाच्या अंगावर पडणार, ते ठरवा.

निवृत्त_मास्तर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

कळमन्याच्या पोराने नेमकं सांगितलं. मी जरा आडवाटेने जातो, चालवून घ्या.

आपल्या जुन्या नागपूरच्या वस्त्यांची नावं पाहा. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. ज्या दिवशी जिथे बाजार, तेच त्या जागेचं नाव. म्हणजे बाजार आधी, मग वस्ती. आता वस्ती आधी होते. लेआउट पडतो, नकाशात बगीचा असतो, खेळाचं मैदान असतं, मंदिर नसलं तरी पुढे होतंच. बाजाराची जागा मात्र कोणी मागत नाही, कारण फ्लॅट घेताना आपण पार्किंग विचारतो, भाजी विचारत नाही. मीही विचारली नव्हती. माझ्या लेआउटला कुठल्याशा देवतेचं नाव आहे. 'गुरुवारी' ठेवलं असतं तर निदान गुरुवारी कोणीतरी दुकान मांडलं असतं.

तर्रीपोहे | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

मास्तर, प्रणाम. 'ढेमसवारी' सोडून काहीही ठेवा.

मीनल_त्रिमूर्तीनगर | १५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

फसलं असेल तर आधी सांगा म्हणालात म्हणून लिहिते. आमचं फसलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, अजून कोणी विषय काढला की मला मेथीचा वास येतो.

आमच्या ग्रुपवर सत्तर घरं होती. पहिल्या रविवारी अठ्ठेचाळीस जणांनी नावं दिली, सगळे आले, फोटो काढले, शेतकरीदादाला चहा पाजला, एकीनं तर ओवाळलं. दुसऱ्या रविवारी नावं चाळीस, आले एकतीस. तिसऱ्या रविवारी एका मोठ्या घरचं लग्न होतं, अर्धी सोसायटी तिकडे. दादा नेहमीसारखा पहाटे तोडा करून साठ जुड्या मेथी, चाळीस पालक, मुळे, वांगी घेऊन आला. एकोणीस घरं आली.

अकरापर्यंत मी आणि आमचे हे मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. दादा काही बोलत नव्हता. त्यानं फक्त एकदा विचारलं, "ताई, एवढी मेथी मी आता घेऊन कुठं जाऊ?" बाजार तर पहाटेच संपलेला. मी माझ्या खिशातून पैसे दिले आणि मेथी घरी आणली. तीन दिवस ठेपले, मेथीचे पराठे, मेथीचं वरण. शेजारी वाटली. ज्यांनी नाव देऊन दांडी मारली होती त्यांनाही वाटली, आणि त्यांनी घेतली!

चौथ्या रविवारी दादा आला नाही. फोनवर म्हणाला, "ताई, कळमन्यात भाव पडतो, पण माल पडून राहत नाही." यावर मला आजही उत्तर नाही.

त्यामुळे माझं एकच सांगणं. पैसे आधी. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत ज्याचे पैसे जमा झाले, त्याचीच भाजी. नाव नाही, अंगठा नाही, 'मी येते गं' नाही.

बेलतरोडीकर | १५ नोव्हेंबर, दुपारी २.०५

मीनलताई, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या ग्रुपवर आत्ता बत्तीस अंगठे आहेत.

वायगावची_हळद | १५ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

आगाऊ पैशाबद्दल मीनलशी सहमत, पण लोक त्याच्याबरोबर ठरलेली टोपली पण लादतात, ते करू नका. आमच्याकडे 'दोनशेची टोपली, शेतात जे असेल ते' असं केलं होतं. शेतकऱ्याला सोयीचं, हिशोबाला सोपं. पण तीन आठवडे सलग टोपलीत लवकी (दुधी) आली. माझ्या मुलानं टोपली पाहिली आणि आजीकडे राहायला गेला.

आम्ही मग एक साधी गोष्ट केली. टोपल्यांशेजारी एक टेबल ठेवलं. नको ते टेबलावर ठेवा, टेबलावरचं हवं ते उचला. वजन नाही, हिशोब नाही. लवकीच्या बदल्यात बरबटी (चवळीच्या शेंगा), मुळ्याच्या बदल्यात सांभार. भांडणं होतील वाटलं होतं, झाली नाहीत. उलट त्या टेबलाशी बायका जास्त वेळ उभ्या राहायच्या.

तर्रीपोहे | १५ नोव्हेंबर, दुपारी ३.२४

आणि त्या टेबलावर शेवटी काय उरायचं? खरं सांगा.

वायगावची_हळद | १५ नोव्हेंबर, दुपारी ३.३१

ढेमसं.

सरळ_बोलतो | १५ नोव्हेंबर, रात्री ९.००

मला हा सगळा धागा वाचून राग येऊन राहिला आहे. सकाळी अकरा वाजता जो ठेला येतो म्हणता, तो कोणाचा आहे? त्या माणसाचं किंवा बाईचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला? तुमच्या स्कीमचा पाया खणत होते तेव्हापासून ती तिथे येत असेल. आता चाळीस घरं रविवारी एकदम भाजी भरणार. तिनं सोमवार-मंगळवारी काय विकायचं?

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहरानं त्यांना जागा आणि प्रमाणपत्र द्यायचं म्हटलं आहे. तुमच्या गच्चीवरच्या मीटिंगमध्ये यावर दोन मिनिटं तरी गेली का? शेतकऱ्याला मदत म्हणायचं आणि दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा. वरून फोटो.

बेलतरोडीकर | १५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

झोंबलं, पण खरं आहे. नाव माहीत नाही. आई त्यांना मावशी म्हणते, मीही. उद्या विचारतो.

कळमन्याचा_पोरगा | १५ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सरळ_बोलतो भाऊ, तुमचा सूर कडक आहे पण हिशोब बरोबर आहे. फक्त एक. ठेलेवाल्यांचा सोमवार तसाही मंदाच असतो, कारण लोक शनिवार-रविवारी कुठूनतरी भरतातच. खामल्यातून भरली काय आणि पिकअपमधून भरली काय.

सरळ_बोलतो | १५ नोव्हेंबर, रात्री १०.२२

म्हणजे आधीच बुडत आहे म्हणून अजून ढकला?

आहारतज्ज्ञ_अ | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

भांडण थांबवायला आकडा देते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दर माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या. आणि बटाटा, रताळं असे कंद त्यात मोजायचे नाहीत. (बेलतरोडीकर, आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाक्य वाचून दाखवा.) चार माणसांचं घर धरलं तर दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याला ११ किलोच्या वर. फळं वजा केली तरी रविवारच्या चार किलोच्या टोपलीवर तुमचा आठवडा निघत नाही. म्हणजे नीट खायचं ठरवलंत तर रविवारची पिकअपही लागेल आणि बुधवारचा ठेलाही. ठेलेवाल्या मावशींचं गिऱ्हाईक पिकअपनं तुटेल असं वाटत असेल, तर तुम्ही आत्ता जेवढी भाजी खाता तेवढीच खात राहणार, असं धरून चालला आहात.

अजून एक, थोडं अप्रिय. 'ताजी' या शब्दाची फार पूजा नको. दोन दिवसांचा पालक निवडून, धुऊन खाल्ला तर तो पालकच असतो. माझ्याकडे येणारे बरेच जण 'चांगली भाजी मिळत नाही हो' म्हणतात आणि फरसाण मात्र त्यांना रोज चांगलं मिळतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. शुगर असलेल्यांनी जेवणाची सुरुवात भाजीनं करून पाहावी.

नवीन_सदस्य_४४० | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.००

भाजी सेंद्रिय असेल का? नसेल तर मला इंटरेस्ट नाही.

काटोलचा_संत्रेवाला | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.४५

आमच्याकडे संत्रा आहे, मधल्या जागेत भाजी. म्हणून शेतकऱ्याच्या बाजूनं उत्तर देतो.

'सेंद्रिय आहे का' असं विचारलं की समोरचा 'हो' म्हणतो. तुम्हालाही तेच ऐकायचं असते. कागद पाहायचा असेल तर पीजीएस नावाची पद्धत आहे, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, मोठ्या प्रमाणपत्रापेक्षा खर्च कमी. पण पहिल्या दिवसापासून तसा गट मिळणं कठीण. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा, ज्यांचं उत्तर शेतकरी प्रामाणिकपणे देऊ शकतो. शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली? प्रत्येक औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असते, मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही. तेवढे दिवस थांबला का? आणि दुसरा, पाणी कुठलं? विहिरीचं, कालव्याचं, की नाल्याचं? शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या नाग नदीच्या खालच्या अंगाला पिकलेला पालक दिसायला लय हिरवागार असते. हिरवा रंग पाहून फसू नका.

आणि मेहेरबानी करून वांग्यात अळी दिसली तर ग्रुपवर फोटो टाकून बोंबलू नका. अळी कापून फेका, उरलेलं वांगं खा. औषधही नको अन् अळीही नको, असं कसं चालेल बाप्पा?

नवीन_सदस्य_४४० | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१०

बरं. इंटरेस्ट आहे.

बेलतरोडीकर | २० नोव्हेंबर, रात्री ११.००

मावशींशी बोललो. चौदा वर्षं या भागात येतात, आमची स्कीम नऊ वर्षांची आहे. पहाटे साडेतीनला उठून कॉटन मार्केट, तिथून मालाच्या ऑटोत चार जणी मिळून. मी त्यांना आमचा बेत भीतभीत सांगितला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "करा. पण तुमच्यात तोलणार कोण?" मी म्हटलं, आम्ही आळीपाळीनं. त्या इतक्या हसल्या की ठेल्यावरचे दोन टमाटे खाली पडले.

येत्या रविवारी पहिली फेरी. आगाऊ पैसे, फक्त सव्वीस घरं. अंगठे बत्तीस होते.

तर्रीपोहे | २३ नोव्हेंबर, दुपारी २.००

काय झालं बे? जिवंत आहात का?

बेलतरोडीकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

जिवंत आहे. सकाळी सातला पिकअप आली. आठ वाजता आमच्यातले एक इंजिनियर काट्यावर होते, सव्वीस घरांची यादी एक्सेलमध्ये. नऊ वाजता रांग गेटबाहेर. साडेनऊला मावशी ठेला घेऊन आल्या, पाच मिनिटं उभ्या राहून पाहिलं, मग इंजिनियर साहेबांना म्हणाल्या, "बाजूला व्हा जी." पंचवीस मिनिटांत सगळं तोलून दिलं. कोणाला दोन मिरच्या वर, कोणाला सांभाराची काडी वर. ज्या घरात बाळंतीण आहे तिथे मेथीची जुडी न मागता जास्त गेली. आम्ही एक्सेलमध्ये बाळंतीण लिहिली नव्हती.

तूट आली १४० रुपयांची. त्यातले शंभर इंजिनियर साहेबांच्या तासाभराचे आहेत.

मीनल_त्रिमूर्तीनगर | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४४

अहो, मग त्यांनाच द्या ना ते काम! उरलेला मालही त्यांच्याच ठेल्यावर जाईल. मला तेव्हा हे का नाही सुचलं?

सरळ_बोलतो | २३ नोव्हेंबर, रात्री १०.०२

द्या, पण फुकट नाही. आणि उरलेला माल त्यांच्या गळ्यात मारायचा नाही. त्यांनी हवा तेवढा घ्यावा, शेतातल्या भावानं.

बेलतरोडीकर | १ मार्च, रात्री १०.३०

मोठ्या सुट्टीनंतर आलो. कोणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की बंद पडलं का. नाही पडलं.

आता असं चालतं. दर रविवारी आणि बुधवारी पिकअप येते. शनिवारी-मंगळवारी सातच्या आत पैसे. शेतकरी दादा मागणीपेक्षा थोडा जास्त माल आणतो, तो मावशी शेतातल्या भावानं उचलतात आणि नेहमीसारखा विकतात. त्यांना पहाटेचं कॉटन मार्केट आठवड्यातून दोन दिवस वाचतं, मालाच्या ऑटोचे पैसे वाचतात. तोलण्याचे आम्ही प्रत्येक घरामागे दहा रुपये देतो. ही रक्कम त्यांनीच ठरवली, आम्ही वीस म्हणत होतो. म्हणाल्या, "वीस घेतले तर उद्या तुम्ही मला हिशोब विचाराल."

स्वस्त पडतं का? फार नाही. पालेभाजी आणि वांगी थोडी स्वस्त, टमाटा कधीकधी महागच. ज्यांना स्वस्ताई हवी होती ती सात-आठ घरं डिसेंबरात गळाली. दोन परत आली, एक तुरीच्या शेंगांसाठी आणि एक सोलेभाताचा फोटो पाहून.

एक गोष्ट आम्हाला दिसलीच नव्हती. आमच्या मागच्या नाल्यापलीकडे वस्ती आहे, आमच्या घरी काम करणाऱ्या बऱ्याच जणी तिथल्या. रविवारी सकाळी सात म्हणजे त्यांची सगळ्यात कामाची वेळ, आणि आगाऊ दीडशे-दोनशे भरणं हे त्यांच्या महिन्यात बसत नाही. आम्ही 'सगळ्यांसाठी खुलं' असं लिहून मोकळे झालो होतो. मावशींनी बुधवारची पिकअप संध्याकाळी सहाला करून घेतली आणि तिथेच दहा-दहा रुपयांचे वाटे लावायला लागल्या. आता बुधवारी वस्तीतली गिऱ्हाइकं आमच्यापेक्षा जास्त असतात. शेतकरी दादाचं म्हणणं, बुधवारी त्याचा माल लवकर खपतो आणि भाव करण्यात वेळ जात नाही.

आहारतज्ज्ञ_अ | २ मार्च, सकाळी १०.१५

आईंचं ताट?

बेलतरोडीकर | २ मार्च, सकाळी १०.४०

बुधवारी संध्याकाळी स्वतः खाली उतरते. वांगी दाबून पाहते. रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी काही बोलत नाही.

भाऊसाहेब_हिंगणा | २ मार्च, दुपारी १२.३०

आता खरी परीक्षा पुढे आहे. एप्रिल-मेमध्ये पिकअपमधून गेटपर्यंत येईस्तोवर पालेभाजी वाफवलेली असेल. ४५ अंशात काय करणार?

यावर एक उपाय सांगतो, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनं काढलेला, जुना आहे. विटांची दुहेरी भिंत बांधायची, सव्वादोन फूट उंच, मध्ये तीन इंच फट, त्यात वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा भिजवायच्या. वरून ओलं गोणपाट किंवा बांबूचं झाकण, आणि वर सावली हवीच. आत बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंश कमी राहते, ओलावा टिकतो. वीज लागत नाही. नागपूरकराला समजावून सांगायची गरज नाही, कुलरचंच तत्त्व आहे. म्हणूनच कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालते आणि पाऊस लागला की कुलरसारखंच निकामी. सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आमच्या एका पाहुण्यानं 'दिसायला बरं' म्हणून गिलावा केला आणि नुसती टाकी झाली.

तर्रीपोहे | २ मार्च, दुपारी १२.४१

टाकीत ढेमसं ठेवा. कोणी चोरणार नाही.

निवृत्त_मास्तर | २ मार्च, दुपारी ४.००

बाजार बुधवारी संध्याकाळी सहाला भरतो म्हणता. मग लेआउटचं नाव बदलायला अर्ज करा.

काटोलचा_संत्रेवाला | ३ मार्च, सकाळी ८.२०

मृग बहाराचा संत्रा चालू आहे. दोनशे किलोच्या वर मागणी असेल तर मीच घेऊन येतो. पण मोठा-छोटा निवडून देणार नाही, झाडाचा माल जसा आहे तसा. आंबट निघाला तर तोंड वाकडं करू नका.

बेलतरोडीकर | ३ मार्च, सकाळी ८.५५

दोनशे अवघड आहे. शेजारच्या दोन स्कीमना विचारून रात्री सांगतो.

खामल्याची_सुमन | ९ जुलै, संध्याकाळी ७.१५

भाऊ, एक विचारायचं होतं. मी नोव्हेंबरात तुम्हाला 'कशाला खटाटोप' म्हटलं होतं. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाजारात जाणं बंद आहे. आमच्या गल्लीत बारा घरं आहेत. बारात होते का?

बेलतरोडीकर | ९ जुलै, रात्री ९.०५

ताई, पहिले तब्येतीची काळजी घ्या. बारा घरांसाठी पिकअप येणार नाही, खरं सांगतो. पण तुमच्या गल्लीत ठेला कोणाचा येतो? त्यांना विचारा. तुमच्या बारा घरांचे पैसे आदल्या संध्याकाळी त्यांच्या हातात पडले, तर त्या पहाटे तुमच्या यादीप्रमाणे माल उचलतील आणि त्यांची घट वाचेल. आमच्या मावशी म्हणतात, खामल्याच्या बाजूला त्यांची नणंद ठेला लावते. नंबर विचारून व्यनि करतो.

इथली खबर: आईची शुगर आधीपेक्षा बरी आहे, पण डॉक्टर म्हणाले श्रेय गोळ्यांना द्या. आई श्रेय मावशींना देते. विटांचा कुलर मेमध्ये चालला, जूनमध्ये त्यात मांजरीनं पिल्लं घातली, सध्या तिचा ताबा आहे. एप्रिलमध्ये चिवळ आली होती, गेल्या आठवड्यात तरोटा आला. माझ्या मुलीला दोन्ही नावं माहीत नव्हती, तिनं वहीत लिहून घेतली. येत्या रविवारी काटवलं (करटोली) आहेत, थोडीच आहेत, शनिवारी सातच्या आत.

तर्रीपोहे | ९ जुलै, रात्री ९.११

मी मनीषनगरला आहे. माझे पैसे घ्याल का?

बेलतरोडीकर | ९ जुलै, रात्री ९.१४

घेऊ. पण काटवलं संपली तर त्या पैशात मावशी जे देतील ते घ्यावं लागेल.

तर्रीपोहे | ९ जुलै, रात्री ९.१५

त्या काय देतील?

बेलतरोडीकर | ९ जुलै, रात्री ९.१६

तुम्हाला माहीत आहे.